सेवेची उमेद आणि तिला लागणारा आधार

सातारा जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, नीरा नदी आणि खंबाटकी घाट यांच्या दरम्यान पसरलेला खंडाळा तालुका आकाराने लहान असला, तरी ग्रामीण महाराष्ट्राचे अनेक प्रश्न तेथे अगदी शेजारी शेजारी उभे असलेले दिसतात. पुणे–बंगळूर महामार्ग तालुक्यातून जातो आणि त्याच्याबरोबर अपघातांची टांगती तलवारही येते. शिरवळ, केसुर्डी आणि खंडाळा परिसरातील कारखान्यांनी रोजगार आणला, पण भाड्याच्या खोल्यांत राहणारा, गावाशी फारशी ओळख नसलेला परगावचा कामगारही आणला. तालुक्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत, म्हणजे सह्याद्रीने पाऊस अडवल्यानंतर उरणाऱ्या कोरड्या पट्ट्यात मोडत असल्यामुळे पाण्याची चिंता कित्येक गावांच्या पाचवीलाच पुजलेली आहे. त्यात दरवर्षी आषाढी वारीत लोणंदला ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचा मुक्काम पडतो, तेव्हा गावाच्या वस्तीच्या कितीतरी पट माणसांची सोय अल्पावधीत करावी लागते. यांपैकी कोणतेही काम केवळ सरकारी यंत्रणेच्या बळावर तडीस जात नाही. प्रत्येक ठिकाणी गावातल्या, विशेषतः तरुण माणसांच्या, स्वखुशीने पुढे आलेल्या हातांची गरज पडते.

आजच्या तरुणांना समाजाचे काही देणेघेणे उरलेले नाही, अशी तक्रार वडीलधाऱ्यांकडून सर्रास ऐकू येते. परंतु गावच्या यात्रेत रात्र-रात्र राबणारी, गणेशोत्सवाची वर्गणी गोळा करून तिचा हिशेब ठेवणारी आणि पुराच्या बातमीसरशी धान्याचे टेम्पो भरून सांगली-कोल्हापूरकडे निघणारी मुले याच पिढीतली आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे उणीव उमेदीची नसून त्या उमेदीला वर्षभर वळण देणाऱ्या व्यवस्थेची आहे, हे ध्यानात येते. तरुणाने पुढे यावे असे वाटत असेल, तर त्याला काम शिकवणारे, त्याची जबाबदारी घेणारे, खर्चाला हातभार लावणारे आणि त्याचे मत विचारणारे कोणी तरी असावे लागते. खंडाळ्याचा आणि एकंदर सातारा-सांगली भागाचा इतिहास या दृष्टीने तपासला, तर जिथे असा आधार उभा राहिला तिथे तरुणांनी फार मोठी कामे केली, असे आढळते.

स्वयंसेवा म्हणजे काय, हे येथे थोडक्यात स्पष्ट करणे आवश्यक आहे. मोबदल्याची अट न घालता, कोणाच्या सक्तीवाचून, आपल्या कुटुंबाबाहेरच्या माणसांच्या किंवा सार्वजनिक हिताच्या कामासाठी वेळ आणि श्रम देणे, असा तिचा ढोबळ अर्थ घेता येतो. पश्चिम महाराष्ट्रातील शेतकऱ्यांमध्ये चालत आलेली सावड, म्हणजे आज एकाच्या आणि उद्या दुसऱ्याच्या शेतात सर्वांनी मिळून काम करण्याची पद्धत, किंवा एका दिवसाच्या जेवणावर गावाने एखाद्याची नांगरट उरकून देण्याची इर्जिक, या स्वयंसेवेच्या जवळच्या प्रथा असल्या, तरी त्यांत परतफेडीची अपेक्षा किंवा गावकीचे बंधन काही प्रमाणात असतेच. स्वयंसेवेत परतफेड ज्याच्याकडून मिळणे शक्य नाही, अशा अनोळखी माणसासाठीही राबावे लागते, आणि म्हणूनच ती आपोआप रुजत नाही, रुजवावी लागते.

नायगावचा वारसा

खंडाळा तालुक्यातील नायगाव हे सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव. 3 जानेवारी 1831 रोजी खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी त्यांचा जन्म झाला, 1840 मध्ये जोतीराव फुले यांच्याशी विवाह झाला आणि 1848 मध्ये पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली तेव्हा शिक्षिका म्हणून उभ्या राहिलेल्या सावित्रीबाईंचे वय अवघे 17 वर्षांचे होते. आजच्या हिशेबाने बारावीत बसण्याच्या वयातली ही मुलगी अंगावर शेण आणि खडे झेलत शाळेत जात राहिली, ही गोष्ट महाराष्ट्रातील प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असते. परंतु या धैर्यामागे कोणकोणते आधार उभे होते, याची चर्चा त्या मानाने कमी होते.

सावित्रीबाईंना प्रथम जोतीरावांनी शिकवले, त्यानंतर शिक्षिका होण्यासाठी लागणारे रीतसर प्रशिक्षण त्यांनी घेतले, आणि मगच त्या वर्गासमोर उभ्या राहिल्या. सगुणाबाई क्षीरसागर यांच्यासारखी वडीलधारी स्त्री प्रारंभापासून त्यांच्या बाजूने होती. या कामापायी 1849 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई यांना घर सोडावे लागले, तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला, आणि फातिमा शेख यांच्या रूपाने सावित्रीबाईंना बरोबरीची सहकारी मिळाली. प्रशिक्षण, पाठीशी उभी राहणारी ज्येष्ठ व्यक्ती, राहण्याची जागा आणि समवयस्क सोबत या चार गोष्टी नसत्या, तर 17 वर्षांच्या मुलीची जिद्द किती काळ तग धरू शकली असती, याचा विचार आजही तरुणांना समाजकार्यात आणू पाहणाऱ्यांनी करण्यासारखा आहे.

सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली जी पत्रे उपलब्ध आहेत, त्यांपैकी दोन, 1856 आणि 1868 सालची, नायगावहून लिहिलेली असून त्यांवर खंडाळा पेट्याचा, म्हणजे तालुक्याच्या तेव्हाच्या पोटविभागाचा, उल्लेख आहे. पहिल्या पत्रात आजारपणामुळे माहेरी आलेल्या सावित्रीबाईंना, त्यांनी व जोतीरावांनी महार-मांगांसाठी चालवलेल्या कामावरून, त्यांच्या भावाने बोल लावले आणि त्यांनी त्याला व आईला शांतपणे समजावून सांगितले, असा प्रसंग येतो. दुसऱ्या पत्रातला प्रसंग अधिक कठीण आहे. गावात जातीबाहेर प्रेम केल्याच्या रागातून एका तरुण जोडप्याचा जीव घ्यायला निघालेल्या जमावासमोर सावित्रीबाई उभ्या राहिल्या, इंग्रजी कायद्याची आठवण करून देऊन त्यांनी लोकांना आवरले आणि त्या दोघांना पुण्याला जोतीरावांकडे पाठवून दिले. समाजसेवेला पहिला विरोध बहुधा घरातून आणि गावातूनच होतो, हे या दोन पत्रांवरून दिसते, आणि कामाची व कायद्याची नीट माहिती असलेला माणूसच असा विरोध न चिडता, न डगमगता हाताळू शकतो, हेही दिसते. पुढे 1877 च्या दुष्काळात जुन्नर भागातील मदतकार्यात आणि अखेर 1897 च्या प्लेगच्या साथीत रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाईंनी हाच मार्ग चालू ठेवला, आणि त्याच साथीत 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले. दर 3 जानेवारीला नायगावला राज्यभरातून माणसे येतात. तेथे येणाऱ्या तरुणांना सावित्रीबाईंच्या धैर्याबरोबरच त्या धैर्याच्या पूर्वतयारीचीही ओळख व्हायला हवी.

जिल्ह्याने घडवलेली परंपरा

हीच पूर्वतयारीची दृष्टी पुढे कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या कार्यात दिसते. 1919 मध्ये कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, 1924 मध्ये संस्थेचे केंद्र साताऱ्याला आले, आणि तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहून, एका पंगतीत जेवून, स्वतःची कामे स्वतः करून शिकू लागली. खेड्यापाड्यांत, देवळांत आणि चावड्यांत भरणाऱ्या शेकडो व्हॉलंटरी शाळा रयतने उभारल्या, पण त्यांत शिकवण्यासाठी तरुण शिक्षक तयार व्हावेत म्हणून साताऱ्यात अध्यापक विद्यालयही काढले. 1947 मध्ये सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ ही योजना राबवली गेली; तिच्यात विद्यार्थी अंगमेहनतीच्या बदल्यात शिक्षण घेत असे. तिला काटेकोर अर्थाने स्वयंसेवा म्हणता येत नसले, तरी हाताने काम करण्याची लाज मोडून काढणे ही स्वयंसेवेची पहिली पायरी असते आणि ती या योजनेने जिल्ह्यातील हजारो मुलांकडून चढवून घेतली.

स्वातंत्र्यलढ्याच्या अखेरच्या टप्प्यात, साधारणपणे 1943 ते 1946 या काळात, क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सातारा व सांगली जिल्ह्यांच्या भागात, प्रतिसरकार चालले. त्याच्या लढाऊ कारवायांच्या कथा अधिक सांगितल्या जातात. परंतु गावोगावी न्यायदान मंडळे चालवणे, कमी खर्चाची गांधी पद्धतीची लग्ने लावून देणे आणि दारूबंदीसारखी कामे करणे यांत गावच्या तरुणांचा मोठा वाटा होता, आणि त्यासाठी कुंडलसारख्या ठिकाणी तुफान सेनेची शिस्तशीर प्रशिक्षण शिबिरे भरत असत. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाला आज क्रांतिसिंह नाना पाटील यांचे नाव आहे, त्यामुळे या परंपरेची आठवण खंडाळा तालुक्यातही जागती राहिली आहे.

सक्ती की स्वेच्छा

तरुणांनी समाजसेवा करावी यासाठी कायद्याची सक्ती असावी की ती त्यांच्या इच्छेवर सोडावी, हा प्रश्न स्वतंत्र भारतात गंभीरपणे चर्चिला गेला आणि त्या चर्चेत एका मराठी माणसाचा महत्त्वाचा वाटा होता. विद्यापीठ अनुदान आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष डॉ. चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली 1959 मध्ये नेमलेल्या समितीने, माध्यमिक शिक्षण संपवून महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रीय सेवा सक्तीची करावी, अशी शिफारस केली होती. एवढ्या मोठ्या योजनेचा खर्च आणि तिची अंमलबजावणी यांतील अडचणी पाहता ती स्वीकारली गेली नाही. पुढे शिक्षणतज्ज्ञ के. जी. सय्यदैन यांनी इतर देशांतील अशा योजनांचा अभ्यास केला आणि ही सेवा ऐच्छिक असावी, असे मत दिले. अखेर महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, 24 सप्टेंबर 1969 रोजी, तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी 37 विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजनेचा प्रारंभ केला, तेव्हा तिच्यात 40,000 विद्यार्थी सहभागी झाले होते.

महाविद्यालयांत ‘एनएसएस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या योजनेची रचना समजून घेण्यासारखी आहे. साधारण 100 विद्यार्थ्यांचे एक एकक असते आणि कार्यक्रम अधिकारी म्हणून एक प्राध्यापक त्याची जबाबदारी सांभाळतो. दोन वर्षांत 240 तास काम करायचे, त्यातला काही वेळ प्रशिक्षणासाठी राखायचा, आणि एखादे गाव दत्तक घेऊन तेथे सात दिवसांचे निवासी शिबिर करायचे, असा तिचा आराखडा आहे. या शिबिरात सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, संध्याकाळी गावफेरी आणि रात्री सांस्कृतिक कार्यक्रम असा दिनक्रम असतो; मुले गावच्या शाळेत किंवा मंदिरात राहतात, आळीपाळीने स्वयंपाक करतात आणि शहरातल्या किंवा दुसऱ्या गावातल्या मुलांना या गावाचे रेशन, पाणी, शाळा आणि शेती यांची प्रत्यक्ष ओळख होते. ज्या गावात त्याच महाविद्यालयाचे पथक सलग काही वर्षे जात राहते, तिथे पहिल्या वर्षी खोदलेल्या चरांची डागडुजी दुसऱ्या वर्षी होते आणि गावकऱ्यांनाही ही मुले आपली वाटू लागतात. दरवर्षी गाव बदलले, तर श्रम होतात पण काम उभे राहत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर अशा कामाला अभ्यासक्रमात श्रेयांक मिळू लागले आहेत. श्रेयांक म्हणजे पदवीसाठी जमा कराव्या लागणाऱ्या अभ्यासाचे मोजमाप. यामुळे सेवेला प्रतिष्ठा मिळते हे खरे असले, तरी देशमुख समितीच्या शिफारशीपासून चालत आलेला प्रश्न पुन्हा उभा राहतो. गुणांसाठी केलेली सेवा गुण मिळाल्यावर थांबू नये, यासाठी कामाची निवड मुलांना करू देणे आणि त्या कामाचा परिणाम त्यांच्या डोळ्यांना दिसेल अशी आखणी करणे, एवढा उपाय शिक्षकांच्या हाती निश्चितच आहे.

शोभेचा सहभाग आणि खरा सहभाग

तरुण स्वयंसेवेकडे का वळतात, याचा अभ्यास मानसशास्त्रज्ञांनी केलेला आहे. अमेरिकेतील गिल क्लॅरी आणि मार्क स्नायडर यांनी 1990 च्या दशकात मांडलेल्या विचारानुसार, स्वयंसेवेमागे इतरांविषयीची कळकळ असते तशीच नवे काही शिकण्याची इच्छा, मित्रांची सोबत, नोकरीला उपयोगी पडेल असा अनुभव, स्वतःविषयी चांगले वाटणे आणि मनावरचा ताण हलका होणे, अशी इतर कारणेही असतात. यांपैकी कोणतेही कारण कमी प्रतीचे मानू नये, कारण शिरवळच्या कारखान्यात नोकरी मिळवू पाहणारा तरुण प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र मिळते म्हणून एखाद्या वर्गाला आला, तरी तिथे शिकलेले कौशल्य महामार्गावरच्या जखमीला तितकेच उपयोगी पडते.

सहभागाच्या प्रतीविषयीचा रॉजर हार्ट यांचा विचारही येथे उपयुक्त ठरतो. 1992 मध्ये युनिसेफने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या पुस्तिकेत मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी दिली आहे. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांवर मुलांचा वापर करून घेतला जातो, त्यांना शोभेसाठी उभे केले जाते किंवा नावापुरते विचारले जाते, आणि या तीन पायऱ्यांना हार्ट सहभाग मानतच नाहीत. वरच्या पायऱ्यांवर मुलांना कामाचा हेतू सांगितला जातो, त्यांचा सल्ला घेतला जातो, आणि सर्वांत वर मुलेच कामाची सुरुवात करून मोठ्यांबरोबर निर्णय घेतात. एखाद्या जयंतीला शाळकरी मुलांना उन्हात फलक घेऊन उभे करणे, पाहुण्यांच्या हस्ते एक रोप लावून छायाचित्र काढणे आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या रोपाला पाणी घालायला कोणी नसणे, ही खालच्या पायऱ्यांची उदाहरणे गावोगावी दिसतात. असा अनुभव आलेला तरुण पुढच्या वेळी बोलावले असता टाळाटाळ करतो, तेव्हा त्याला दोष देण्याआधी त्याला कशासाठी बोलावले होते, हे पाहायला हवे.

शिकून केलेली सेवा

प्रशिक्षणाने स्वयंसेवेचे रूप कसे पालटते, याचे ठळक उदाहरण सातारा जिल्ह्यानेच दिले आहे. पाणी फाउंडेशनने 2016 मध्ये सत्यमेव जयते वॉटर कप ही गावांमधील जलसंधारणाची स्पर्धा सुरू केली, तेव्हा पहिल्या वर्षी निवडलेल्या तीन तालुक्यांत कोरेगाव तालुका होता आणि त्यातील वेळू गावाने पहिले पारितोषिक मिळवले. 2018 मध्ये माण तालुक्यातील टाकेवाडी पहिली आली. या स्पर्धेत श्रमदान सुरू होण्याआधी प्रत्येक गावातून निवडलेल्या स्त्री-पुरुषांना निवासी प्रशिक्षण दिले जात असे, आणि त्यांत तरुणांची संख्या लक्षणीय असे.

या प्रशिक्षणात शिकवल्या जाणाऱ्या एका साध्या साधनावरून त्याचे महत्त्व कळते. डोंगर-उतारावर पाणी अडवण्यासाठी सलग समतल चर खोदतात, म्हणजे उताराला आडवे, एकाच उंचीवरून जाणारे लांब चर काढतात. चराची पातळी चुकली, तर पाणी जिरण्याऐवजी एका टोकाला धावते आणि चर फोडून माती घेऊन जाते. ही पातळी शोधण्यासाठी दोन काठ्या वर एकत्र बांधून, खाली फाकवून, मध्ये आडवी पट्टी ठोकलेली ‘ए-फ्रेम’ वापरतात. शेंड्यावरून दगड बांधलेली दोरी सोडली की तिचा ओळंबा होतो, आणि ही दोरी आडव्या पट्टीवरच्या मधल्या खुणेवर आली, म्हणजे दोन्ही पाय एकाच पातळीवर आहेत असे समजते. मग एक पाय जागेवर ठेवून दुसरा फिरवत पुढची पातळी शोधायची, प्रत्येक ठिकाणी फक्कीची खूण करायची आणि त्या खुणा जोडून कुदळ मारायला सुरुवात करायची. अकरावीतली मुलगीही हे तासाभरात शिकू शकते, आणि एकदा शिकली की गावातल्या वडीलधाऱ्यांना चर कुठून काढायचा हे तीच सांगते. त्या क्षणी ती राबणाऱ्या हातांपैकी एक न राहता कामाची जाणकार बनते. खंडाळ्याच्या कोरड्या माळांना आणि उघड्या टेकड्यांना अशा जाणकार मुलामुलींची गरज आहे.

महामार्गावरच्या सेवेलाही हेच लागू पडते. पुण्याहून साताऱ्याकडे जाणारी वाहने वर्षानुवर्षे खंबाटकी घाट चढून येत आली आणि साताऱ्याहून पुण्याकडे जाणारी बोगद्यातून बाहेर पडत आली. बोगद्यानंतरचे वळण अपघातांमुळे कुप्रसिद्ध झाले आहे. अपघातानंतरच्या पहिल्या तासाला वैद्यकशास्त्रात सुवर्णतास म्हणतात, कारण त्या अवधीत मिळालेल्या उपचारावर जखमीचे जगणे-वाचणे बरेचसे अवलंबून असते. आणि या तासात जखमीजवळ सर्वांत आधी पोहोचतात ते आसपासच्या गावांतले, ढाब्यांवरचे आणि पेट्रोलपंपांवरचे तरुण. हे ओळखून महाराष्ट्राच्या महामार्ग पोलिसांनी 1 मार्च 2021 पासून ‘मृत्युंजय दूत’ ही योजना सुरू केली, जिच्यात महामार्गालगतच्या नागरिकांचे गट करून त्यांना प्रथमोपचाराचे धडे दिले जातात. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये, वाहत्या जखमेवर स्वच्छ कापडाने सलग दाब धरावा, मान किंवा पाठीला इजा असण्याची शक्यता असेल तर हातपाय धरून उचलू नये आणि 108 क्रमांकाच्या रुग्णवाहिकेला नेमके ठिकाण सांगावे, या गोष्टी ऐकायला सोप्या असल्या, तरी त्या आधी शिकलेल्या नसतील तर आयत्या वेळी घाईने नेमके उलटे केले जाते. पोलिसांच्या चौकशीत आपण अडकू ही भीतीही पुष्कळांना मागे खेचते. परंतु सर्वोच्च न्यायालयाने 30 मार्च 2016 रोजी मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचे बळ दिले आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 134 अ हे कलम आले, त्यामुळे सद्भावनेने जखमीला मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि स्वतःचे नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. ही माहिती घाटाखालच्या प्रत्येक गावातील तरुणापर्यंत पोहोचवणे, हा त्याला दिलेला मोठाच आधार ठरेल.

प्रशिक्षित आणि अप्रशिक्षित मदतीतले अंतर आपत्तीच्या वेळी सर्वांत तीव्रतेने जाणवते. 28 जुलै 2018 रोजी आंबेनळी घाटात बस कोसळून 30 जणांचा मृत्यू झाला, तेव्हा खोल दरीत दोरांच्या साहाय्याने उतरण्याचे अवघड काम महाबळेश्वर ट्रेकर्ससारख्या स्थानिक गिर्यारोहकांनी केले, कारण हे कौशल्य त्यांनी वर्षानुवर्षे कमावलेले होते. उलट, ऑगस्ट 2019 च्या कृष्णेच्या महापुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे माणसांना सुरक्षित जागी नेणारी बोट उलटून अनेकांचे प्राण गेले. तळमळ दोन्हीकडे होती, पण तळमळीला तयारीची जोड लागते; म्हणूनच बोटीत किती माणसे घ्यावीत, जीवरक्षक जाकिटे कुठून आणावीत आणि कोणत्या प्रवाहात उतरूच नये, हे आधी शिकवण्याची जबाबदारी गावावर आणि प्रशासनावर येते.

लोणंदचा मुक्काम

आळंदीहून निघालेली माउलींची पालखी नीरा नदीत पादुकांचे स्नान झाल्यावर सातारा जिल्ह्यात प्रवेश करते आणि लोणंदला विसावते, ही तालुक्यातील तरुणांना वर्षातून एकदा मिळणारी सेवेची सर्वांत मोठी संधी असते. वारकऱ्यांचे पाय चेपणे, चहा-नाश्ता देणे, औषधपाणी करणे ही सेवा लोक पिढ्यानपिढ्या करत आले आहेत. तिच्याबरोबर आता कचरा, सांडपाणी आणि शौचालये यांची व्यवस्था हा वारीतला कळीचा प्रश्न बनला असून, विद्यापीठांच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी निर्मल वारीच्या कामात उतरू लागले आहेत.

अशा कामात खरा कस पालखी पुढे गेल्यावर लागतो. दिंड्या तरडगावकडे निघून गेल्या की मागे पत्रावळी, द्रोण आणि प्लास्टिकच्या बाटल्या राहतात, आणि त्या वेळी टाळ-मृदंगाचा घोष नसतो की छायाचित्रकारही नसतात. वाटप करायला मुले उत्साहाने येतात. वेचणीला यावीत असे वाटत असेल, तर हातमोजे, पोती, पिण्याचे पाणी, कचरा नेणारी गाडी आणि गटवार ठरवलेल्या गल्ल्या यांची सोय आधी करून ठेवावी लागते, शिवाय गावच्या कारभाऱ्यांनी स्वतःही खराटा हाती घ्यावा लागतो. संत गाडगेबाबांनी आयुष्यभर गावे आधी झाडली आणि कीर्तन नंतर केले, त्या क्रमाचे महत्त्व अशा वेळी कळते.

आधाराची रचना

वरील उदाहरणांवरून तरुणांना स्वयंसेवेत टिकवून धरण्यासाठी काय लागते, हे बऱ्याच अंशी स्पष्ट होते. पहिली गरज वेळेच्या व्यवहारी आखणीची आहे. शिरवळ-खंडाळा पट्ट्यातील पुष्कळ तरुण पाळीत काम करतात, काही जण कामाबरोबर शिक्षणही घेतात, आणि शेतीच्या हंगामात घरच्या कामाला पर्याय नसतो. त्यामुळे आठवड्याच्या सुटीतले दोन-तीन तास मागणारे, पण वर्षभर चालणारे काम त्यांना झेपते आणि चार दिवस सलग मागणारे काम झेपत नाही. दुसरी गरज खर्चाची आहे. एसटीचे भाडे, मोबाइलचा खर्च, दुपारचे जेवण हे स्वयंसेवकानेच सोसावे असे धरून चालले, तर सेवा ही सुस्थितीतल्या घरांतील मुलांचीच मक्तेदारी होते आणि मजुरी करणाऱ्या कुटुंबातील, म्हणजे प्रश्नांची खरी जाण असलेली, मुले बाहेर राहतात. पदरमोड भरून देणे म्हणजे मोबदला देणे नव्हे, हे ग्रामपंचायतींनी आणि संस्थांनी समजून घ्यायला हवे.

तिसरी गरज मुलींच्या सुरक्षिततेची आहे आणि तिचा विचार तर स्वतंत्रपणे करावा लागतो. सावित्रीबाईंच्या तालुक्यातही मुलीला गावाबाहेरच्या शिबिराला पाठवताना घरचे दहा वेळा विचार करतात, आणि त्यांची काळजी निराधार नसते. शिबिरात महिला अध्यापिका मुक्कामी असणे, स्वच्छतागृह आणि झोपण्याची सुरक्षित जागा आधी पाहून ठेवणे, परतीच्या वाहनाची सोय करणे आणि आईवडिलांना आयोजकांनी स्वतः घरी जाऊन भेटणे, एवढे केले तर पालकांचा बराचसा विरोध मावळतो, असा राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांचा सार्वत्रिक अनुभव आहे.

चौथी गरज विश्वासू ज्येष्ठाची आहे. निवृत्त शिक्षक, आशा सेविका, माजी सैनिक, सहकारी सोसायटीचा सचिव अशी माणसे जवळपास प्रत्येक गावात असतात. सातारा जिल्ह्याला सैनिकांची मोठी परंपरा असल्यामुळे शिस्त आणि प्रथमोपचार जाणणारे निवृत्त जवान तर घराघरात भेटतात. अशा व्यक्तीने हुकूम न सोडता मुलांच्या पाठीशी उभे राहायचे, चुकले तर सावरायचे आणि सरकारी कार्यालयात त्यांच्याबरोबर जायचे, एवढीच तिची भूमिका असावी. गावोगावची तरुण मंडळे ही तयार संघटना हाताशी आहेच. वर्गणी गोळा करणे, जमा-खर्च मांडणे, मांडव उभारणे आणि गर्दी आवरणे ही कौशल्ये ज्यांनी गणेशोत्सवात मिळवली, त्यांना वर्षाच्या उरलेल्या महिन्यांसाठी निश्चित काम देणे एवढेच बाकी राहते.

या सर्वांच्या मुळाशी निर्णयातल्या वाट्याचा प्रश्न आहे. ग्रामसभेत 18 वर्षांवरील प्रत्येक मतदाराला बोलण्याचा अधिकार असला, तरी तरुण तिथे क्वचितच बोलतात, कारण आपल्या बोलण्याने काही घडेल असे त्यांना वाटत नाही. ज्या मुलांनी उन्हाळ्यात चर खोदले, त्यांनाच पावसाळ्यानंतर विहिरींची पाणीपातळी मोजू द्यावी आणि ते आकडे त्यांनीच ग्रामसभेत वाचून दाखवावेत. ज्यांनी वारीनंतर गाव स्वच्छ केले, त्यांच्या सूचना पुढच्या वर्षीच्या नियोजनाच्या बैठकीत इतिवृत्तात नोंदवल्या जाव्यात. आणि ज्यांनी महामार्गावर जखमींना उचलले, त्यांना धोकादायक वळणांविषयी बोलायला बोलवावे. असे झाले, तर सेवेतून मिळालेले ज्ञान गावाच्या कारभारात उतरते आणि स्वयंसेवक हळूहळू नागरिक म्हणून घडत जातो.

हे सारे उभे करायला फार मोठ्या निधीची आवश्यकता नाही. ग्रामपंचायतीच्या वार्षिक आराखड्यात युवक-युवतींच्या प्रशिक्षणासाठी एक लहान तरतूद, जवळच्या महाविद्यालयाशी किमान पाच वर्षांचा दत्तक-गावाचा करार, प्राथमिक आरोग्य केंद्रात वर्षातून दोनदा प्रथमोपचाराचा वर्ग, आणि स्वयंसेवकांची नावे, कौशल्ये व रक्तगट नोंदवलेली एक वही, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. नायगावच्या मुलीला 1848 मध्ये जो आधार मोजक्या माणसांनी स्वतःची प्रतिष्ठा आणि घरदार पणाला लावून दिला, तो आज खंडाळ्यातील कोणत्याही ग्रामपंचायतीला एका ठरावाने देता येण्यासारखा आहे. तरुणांकडून सेवेची अपेक्षा करण्याचा अधिकार गावाला जरूर आहे. परंतु हा ठराव मांडून, मंजूर करून आणि वर्षअखेर त्याचा हिशेब ग्रामसभेपुढे ठेवूनच तो अधिकार गावाने कमवायला हवा.